रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र: कुणाकडे जमतंय का?

कढीलिंब (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आधी कुणी धागा काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आमच्याकडे माणसं चार आणि रात्रीच्या पंगती तीन. सासूबाईंना साखरेच्या गोळ्या, त्यामुळे त्या साडेसातला जेवतात, आणि तेच योग्य आहे. मुलगा दहावीत. क्लास सुटून घरी यायला सव्वानऊ, आला की उभ्या उभ्याच डबे उघडायला लागतो. नवऱ्याची टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की साडेसात. तिथून दोन तास तो खोलीत बंद. मी बँकेतून सातपर्यंत येते. मग तवा तीनदा तापतो. माझं जेवण यातल्या कुठल्यातरी पंगतीच्या शेवटाला, बहुतेकदा ओट्याशीच.

हा विषय कुठेही काढला की दोन सल्ले ठरलेले: मोबाइल लांब ठेवा आणि टीव्ही बंद करा. अहो, माणसं एका वेळी घरातच नाहीत, तिथे मोबाइल लांब ठेवून काय करू? आमच्याकडे मोबाइलमुळे पंगत मोडलेली नाही. ती मोडली चार घड्याळांमुळे आणि, खरं सांगायचं तर, गरम पोळीमुळे. सगळे एका वेळी आले तरी मी पोळ्या लाटत असते. म्हणजे चारातले तीनच बसणार.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही रोज एकत्र जेवलो. तेव्हा मुलगा पाचवीत होता आणि जेवताना इतका बोलायचा की त्याला 'आधी घास गिळ' म्हणावं लागायचं. आता 'हं' आणि 'बरं' एवढंच ऐकू येतं. वयाचा भाग आहेच, पण बोलायला समोर कुणी बसलेलंही नसतं.

रोजचा हट्ट नाही. आठवड्यातून चार रात्री जमलं तरी पुष्कळ. रविवार धरू नका, रविवारी सगळ्यांचंच जमतं. वेळ कशी बसवली, स्वयंपाकात काय बदललं आणि घरात कुणाला काय सोडावं लागलं, एवढं सांगा.

सहा_सत्तावन्न

तुमचे चौघे रात्री दहापर्यंत एका छताखाली असतात, हेच मला चैनीचं वाटतंय. मी डोंबिवलीचा. फास्ट मिळाली तर तासाभरात स्टेशन, पुढे रिक्षाची रांग. बायको नर्स, तिच्या ड्यूट्या सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या. तिची दुपारची ड्यूटी असली की मी घरात शिरतो तेव्हा ती अजून वॉर्डात असते. रात्रीच्या पंगतीचा नाद आम्ही सोडला. सकाळी पावणेसहाचा चहा तिघांचा एकत्र. मुलगी अर्धी झोपेत, बिस्कीट चहात पडतं, पण तिघं एका टेबलाशी असतो. ती रात्रपाळीला असली की तेही नाही.

टवाळ

एकत्र बसलं की भांडणंही एकत्रच होतात. तीन पंगती म्हणजे तीन छोटी भांडणं, झेपतात. चालू द्या. (हलके घ्या.)

रानवारा

आमच्या लहानपणी साताऱ्याकडे वडील शेतावरून आल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. पाट, पितळी ताटं, आणि आम्ही भावंडं ओळीनं. पानात टाकायचं नाही, मधूनच उठायचं नाही. वडील एकेकाला दिवसभराचं विचारायचे. शिस्त होती, धाक होता आणि मायाही होती. आता प्रत्येकाची खोली वेगळी, ताट वेगळं, वेळ वेगळी. सुबत्ता आली तशी पंगत गेली.

माहेरवाशीण

@रानवारा, छान लिहिलंय. एकच विचारते, त्या ओळीत तुमच्या आईचा पाट कुठे होता?

आमच्याकडेही अशीच पंगत असायची. आधी पुरुष आणि मुलं, मग आजी, मग आई आणि काकू. काकूच्या वाटणीला आमटीतलं पाणी आणि भाजीचा मसाला यायचा, भाजी संपलेली असायची. कुणी वाईट वागत नव्हतं, पद्धतच होती. म्हणून 'पूर्वी सगळे एकत्र जेवायचे' हे वाक्य कुणी म्हटलं की मी आधी मोजते, सगळे म्हणजे किती.

रानवारा

घरात बारा माणसं आणि चूल एक. कुणीतरी मागे राहणारच होतं, ताई. आजच्या चष्म्यातून बघू नका.

माहेरवाशीण

ते 'कुणीतरी' कधी वडील असायचे का, एवढंच.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एकत्र नाही, एकटाच.

आकडेमोड

माहेरवाशीण यांचा मुद्दा फक्त जुन्या काळापुरता नाही. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत घरोघरी चक्क हा प्रश्न विचारला होता: मुख्य जेवणाला बायका पुरुषांबरोबर बसतात, की पुरुष आधी जेवतात? प्रश्नावलीत तो घालावासा वाटला, यातच काय ते आलं.

दुसरं, केंद्राचं वेळ-वापर सर्वेक्षण. २०१९ मध्ये, जे लोक घरकाम करतात त्यांच्यात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये तेच आकडे २८९ आणि ८८. पाच वर्षांत बायकांची १० मिनिटं सुटली. पुरुषांनी उचलली म्हणावीत तर त्यांचीही ९ कमीच झाली!

तेव्हा धागाकर्तीच्या तीन पंगतींचं उत्तर घड्याळात शोधण्याआधी त्या २८९ मध्ये शोधा. नवरा कॉलवरून उठला की पोळ्या कोण लाटतं?

कढीलिंब

@आकडेमोड, प्रश्न झोंबला, पण रास्त आहे. त्याला लाटता येत नाही. वरणभाताचा कुकर मात्र तोच लावतो, दोन कॉलच्या मध्ये.

पावटा

मी चिपळूणची, दिलेली घाटावर. म्हणून दोन्हीकडचं पाहिलंय. माहेरी रात्री भात. भाताचं पातेलं, आमटी किंवा कढी, एखादी पालेभाजी, भाजलेला पापड, सगळं मधोमध आणून ठेवायचं आणि आईसकट सगळे बसायचे. भातासाठी कुणाला उभं राहावं लागत नाही. सासरी आले आणि कळलं की इथे शेवटचा माणूस उठेपर्यंत तव्याखालचा गॅस बंद होत नाही. सासूबाई जिवंत होत्या तोवर त्यांना टेबलाशी बसून गरम जेवताना मी फक्त उपासाच्या दिवशी पाहिलं, कारण तेव्हा साबुदाण्याची खिचडी असायची, एकदाच करून ठेवलेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात पानात तव्यावरची पोळी पडायलाच हवी, त्या घरात सगळ्यांनी एकत्र जेवणं होत नाही. दोन्हीतलं एक निवडा.

गरम_फुलका

असहमत. दिवसभर डब्यातलं गार खातो माणूस. रात्री एक वेळ फुगलेला फुलका मागितला तर गुन्हा काय?

पावटा

मागा की. पण फुलका फुगवणारीही दिवसभर डब्यातलं गार खाऊनच आलेली असते.

सुपातले_दाणे

गरम_फुलका यांनी नकळत नेमका मुद्दा सांगितलाय. प्रश्न फुलक्याचा आहे, घडीच्या पोळीचा नाही. फुलका तव्यावरून पानात आला तरच फुलका, दहा मिनिटांत त्याचं कातडं होतं. घडीची पोळी, आत तेलाचं बोट आणि कणीक सैल भिजवलेली, दोन-तीन तास मऊ राहते. तव्यावरून काढल्या काढल्या डब्यात कोंबू नका, वाफ धरून खालच्या पोळ्या ओल्या होतात. जाळीवर किंवा सुती कापडावर मिनिटभर ठेवा, मग कापडात गुंडाळून डब्यात. सातला केलेली पोळी सव्वानऊला मी रोज खाते.

आणि भाकरीवाल्यांनो, सोलापूरची कडक भाकरी विसरू नका. कित्येक दिवस टिकते, आमटीत कुस्करायची. आमच्याकडे ज्या दिवशी मी उशिरा येते त्या दिवशी हाच बेत, तव्याला सुट्टी.

ऊसकरी

शहरातल्या लोकांना वाटतं गावाकडं सगळे सातला जेवून झोपतात. आमच्याकडं शेतपंपाला एक आठवडा दिवसाची लाईट आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की जेवण उरकून, नाहीतर बांधावर डबा नेऊन, उसाला दारं धरायची, म्हणजे पाटाचं पाणी वळवून द्यायचं. थंडीचे दिवस, चिखल, त्यात बिबट्याची भीती. घरात बायको-पोरं जेवतात आणि मी शेतात. संध्याकाळी सहा ते सात धारा काढून डेअरीला दूध घालायचं असतं, ते चुकत नाही.

सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा. शेजारच्या गावात दिवसा लाईट सुरू झाली. तिथल्या दोस्ताला विचारलं, काय फरक पडला? मला वाटलं उसाच्या उताऱ्याचं सांगेल. म्हणाला, पोरांबरोबर जेवतो आता.

दुसरी_पाळी

चाकण. पाळी आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीत चौघं साडेसातला जेवतो, झकास. दुसऱ्या पाळीत बारानंतर घरी, झाकून ठेवलेलं ताट. रात्रपाळीत माझं जेवण म्हणजे बाकीच्यांचा संध्याकाळचा चहा. म्हणजे तीन आठवड्यांतला एकच आठवडा हाताशी. त्या आठवड्यात आम्ही कुणाचं आमंत्रण घेत नाही, लग्नाचं रिसेप्शनसुद्धा शक्यतो टाळतो. नातेवाईक नाराज आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकानं-आस्थापनांत ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. आमच्या कंपनीच्या बसमध्ये त्या दिवशी ओव्हरटाइमचे हिशेबही झाले आणि घरी पोचणार कधी हेही झालं. दोन्ही खरं आहे, पैसे लागतातच.

मांडवीकाठ

रात्रीच का? आमच्या फोंड्यात दुकान दुपारी एकला बंद आणि चारला उघडतं. पोरांची शाळाही दुपारीच सुटते. दुपारचं शीत आणि हुमण (भात आणि माशाची आमटी) सगळे मिळून, त्यावर थोडी झोप. रात्री ज्याचं त्याचं. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन जातो, दुपारची कडी उरलेली असते, ज्याला भूक लागेल तो खातो. पुण्याच्या नातेवाइकांना हे आळशीपणाचं वाटतं. पण आम्ही रोज एकत्र जेवतो आणि ते जेवत नाहीत, त्याला मी काय करू?

सहा_सत्तावन्न

@मांडवीकाठ, दुपारी एकला मी दादरला असतो. तुमच्या गावात एखादी नोकरी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत मांडवीकाठ यांच्यासारखंच आहे थोडं. जुनी पद्धत अशी की गरम जेवण दुपारी आणि संध्याकाळी थंड: ब्रेड, चीज, काकडी, लोणचं. साडेसहाला टेबलावर मांडतात, प्रत्येक जण आपापलं वाढून घेतो, गॅस पेटत नाही. ऑफिसमधली बरीच मंडळी पाचनंतर थांबतच नाहीत. पहिल्यांदा शेजाऱ्यांकडे असं जेवून आलो आणि घरी येऊन गुपचूप भात लावला, पोट भरल्यासारखं वाटेना.

आता आम्ही निम्मं उचललंय. वेळ त्यांची, ताट आपलं. दुपारीच केलेली उसळ, दहीभात, काकडीची कोशिंबीर, ब्रेड किंवा सकाळच्या पोळ्या. साडेसहा-सात म्हणजे सात, बायको आणि मी दोघंही बसलेले. भारतात हे जमणार नाही कारण तिथे सातला माणूस घरीच नसतो, हे मान्य. पण 'रात्री ताजा स्वयंपाक झालाच पाहिजे' हा नियम घरातल्या घरात बदलता येतो, त्याला ऑफिसची परवानगी लागत नाही.

गरम_फुलका

सकाळच्या पोळ्या रात्री. देवा.

फळा_खडू

प्राथमिक शिक्षिका आहे, म्हणून दुसऱ्या टोकाचं सांगते. रात्री दहाला जेवलेलं मूल सकाळी काही न खाता शाळेत येतं आणि दुसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवतं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलायला सुचवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं काढलं. कारण मुलं उशिरा झोपतात. पालकसभेत मी विचारलं, आता सकाळी तास मिळाला, त्याचं काय केलंत? बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण तेवढंच पुढे सरकलं होतं.

त्यामुळे लहान मुलं असतील तर 'बाबा आल्यावर सगळे मिळून' याचा हट्ट नको. त्यांना आठच्या आत जेवू घाला. धागाकर्तीचा मुलगा दहावीचा आहे, त्याला सव्वानऊ चालेल. पण क्लासला जाण्याआधी सहाला काहीतरी पोटभर द्या. उपाशी आलेल्या मुलाशी कुणीच बोलू शकत नाही.

औषधी_अक्षरं

फार्मसीत असते म्हणून राहवत नाही. सासूबाईंची वेळ पंगतीसाठी अजिबात हलवू नका. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन जेवणाला बांधलेले असतात, जेवण लांबलं तर साखर खाली जाऊ शकते. बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.

पण जेवणं वेगळी असली तरी बसणं एकत्र होऊ शकतं. माझी आई साडेसातला जेवते आणि आम्ही नऊला बसलो की वाटीभर ताक घेऊन आमच्यात येते. ताक संपतं पाच मिनिटांत, बसते अर्धा तास. नातवाला तीच बोलतं करते, कारण ती मार्कांचं विचारत नाही.

कढीलिंब

सगळ्यांना धन्यवाद, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. वाचून जे ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

मंगळवार ते शुक्रवार, सव्वानऊ ही वेळ. नवऱ्यानं कॅलेंडरमध्ये सव्वानऊ ते पावणेदहा अडवून ठेवलंय. टीममध्ये कारण 'फॅमिली डिनर' असं सरळ लिहिलं तर पलीकडच्या लोकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, नाक मुरडलं ते पुण्यातल्याच मॅनेजरनं. हिवाळ्यात साडेनऊपर्यंत कॉल चालतो तेव्हा पंधरा मिनिटं आधी उठायचं, उरलेलं जेवणानंतर. मुलाला क्लासआधी थालीपीठ किंवा उपमा. सासूबाई साडेसातलाच जेवणार आणि नंतर ताक घेऊन येणार. त्यांना कल्पना आवडली, फक्त 'माझ्या मालिकेच्या वेळेत नको' अशी अट आहे. मालिका नऊला संपते, त्यामुळे निभावलं.

राहिली पोळी. आठवड्यातल्या दोन रात्री घडीच्या पोळ्या सातलाच करून डब्यात. उरलेल्या दोन रात्री पोळीच नाही. यावर घरात सगळ्यात जास्त वेळ बोलणी झाली, सासूबाईंपेक्षा नवऱ्याशी. पोळी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणे. मी म्हटलं, लाटायला शिक, मग चारही रात्री पोळी. परवापासून शिकतोय. नकाशे होतायत, पण कच्चे राहत नाहीत.

माहेरवाशीण

नकाशे खा आणि कौतुक करू नका. आपलं कुणी केलं होतं?

रानवारा

कढीलिंबताई, पोळी नसलेल्या रात्री काय करणार? आमच्या मातोश्री चकोल्या करायच्या. त्या दिवशी मात्र त्या आमच्याबरोबरच बसायच्या, हे आत्ता माहेरवाशीण यांच्यामुळे आठवलं. एका पातेल्यात सगळं, लाटून झालं की झालं.

माहेरवाशीण

@रानवारा, आता बोललात. कृती द्या.

रानवारा

कृती बायकोला विचारून लिहितो.

माहेरवाशीण

स्वतः करून लिहा.

पावटा

त्यांची वाट बघत बसलात तर सव्वानऊ होतील, मीच देते. चौघांना वाटीभर तूरडाळ शिजवून घोटून घ्या. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन लाल मिरच्या. त्यात वरण, गोडा मसाला, आमसूल, गूळ, मीठ आणि भरपूर पाणी. दोन वाट्या कणकेत तिखट, मीठ, ओवा आणि तेल घालून घट्ट भिजवा, मोठी पोळी लाटून शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापा. वरण खळखळ उकळत असताना थोडे थोडे सोडा, एकदम टाकलेत तर गोळा होतो. दहा मिनिटं झाकण न ठेवता. वरून तूप.

कढीलिंब

सातला करून ठेवल्या तर सव्वानऊला लगदा नाही का होणार?

पावटा

होतो. म्हणून सातला फक्त वरण उकळून ठेवायचं आणि तुकडे कापून, पीठ भुरभुरून ताटात पसरायचे, वर कापड. मुलगा क्लासमधून निघाला की फोन करेल तेव्हा गॅस लावा. आणि सोडायचं काम नवऱ्याला द्या, त्याला लाटावं लागत नाही.